गांडूळ कापले की एकाची दोन होतात?

वाफा खणताना कुदळीचा घाव बसून गांडुळाचे दोन तुकडे झाले, की दोन्ही वळवळताना दिसतात आणि ‘एकाची दोन झाली’ असे म्हणून माणूस निर्धास्तपणे पुढे खणू लागतो. हा समज चुकीचा आहे. शेपटाकडचा तुकडा हलतो खरा, कारण मेंदूशी संबंध तुटला तरी त्याच्या खंडांतील (शरीराच्या कड्यांसारख्या भागांतील) चेतागंठी, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, स्नायूंना चालना देत राहतात. मात्र तोंडच नसल्याने त्याला माती गिळता येत नाही आणि बहुधा तो काही काळाने मरतो.

गांडूळखतासाठी सर्रास वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात पाहा. तिच्या शरीरात साधारण ८० ते ११० खंड असतात आणि मेंदू, रक्त ढकलणारी हृदये व जननेंद्रिये हे सारे पुढच्या भागात एकवटलेले असते. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर जे फुगीर वलय दिसते, त्याच्या बरेच मागे घाव बसला, तर डोक्याकडचा भाग जगून नवे शेपूट काढू शकतो. म्हणजे गांडूळ उरते ते एकच. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटससारख्या काही जाती पुनर्निर्मितीत विलक्षण तरबेज आहेत, पण अपवादावरून नियम बांधता येत नाही. तुकड्यातुकड्यांतून नवा जीव घडवणारा प्लॅनेरिया हा चपटा कृमी असून गांडुळाशी त्याचे जवळचे नाते नाही. गल्लत बहुधा तिथेच झाली असावी.

ज्याच्या बिळांतून पावसाचे पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचते, तो जीव कुदळीने वाढत नाही. खताचा ढीग उलटताना दाताळे वापरले, तर गांडुळे कमी तुटतात.