दर पन्नास सेकंदांनी एक हाक

डोंगरात पाय मोडून पडलेला माणूस आपला पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, चालू करतो तेव्हा आकाशाकडे जो संदेश जातो त्यात त्याचं नाव नसतं. पाय मोडलाय की साप चावलाय, सोबत किती जण आहेत, त्यांत लहान मूल आहे का, यातलं काहीच नसतं. संदेश दर ५० सेकंदांनी जातो आणि जेमतेम अर्धा सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात मावतो तो एक ओळखक्रमांक, आणि बीकनमधल्या जीपीएसला जागा सापडली असेल तर अक्षांश-रेखांश. बाकीची माहिती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली असावी लागते. ते काम बीकनच्या मालकाचं, आणि नेमकं तेच कंटाळ्यापोटी मागे पडतं.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे राहणारी आपली बरीच मंडळी सुट्टीच्या दिवशी पाठपिशव्या घेऊन रानात निघतात. तिथे मोबाइलची रेंज गावाबाहेर पडताच जाते, आणि शे-दीडशे ग्रॅमचं हे यंत्र दुकानात सहज मिळतं. त्याला मासिक भाडं नाही, सिमकार्ड नाही. न्यूझीलंडमध्ये ते दोन-चार दिवसांसाठी भाड्यानेही मिळतं. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये तर राष्ट्रीय उद्यान विभाग आणि पोलीस ते ट्रेकसाठी फुकट वापरायला देतात. घेणं सोपं झालंय, म्हणूनच घेतल्यानंतर काय करायचं हे नीट सांगायला हवं.

प्रत्येक बीकनच्या पाठीवर १५ अक्षर-अंकांचा एक क्रमांक छापलेला असतो. त्यातच देशाचा सांकेतिक अंक दडलेला असतो. भारताचा ४१९, ऑस्ट्रेलियाचा ५०३, न्यूझीलंडचा ५१२. उपग्रहाने पकडलेला संदेश जमिनीवरच्या केंद्रात उतरला की हा अंक वाचून त्या देशाच्या नोंदवहीत क्रमांक शोधला जातो. ऑस्ट्रेलियात ही नोंदवही सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे, अमेरिकेत नोआ या सरकारी हवामान-महासागर संस्थेकडे, भारतात इस्रोच्या बंगळुरूमधल्या इस्ट्रॅक केंद्रात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका या तिन्ही देशांत नोंदणीला एक पैसा पडत नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत दर दोन वर्षांनी माहिती पुन्हा तपासून ताजी करावी लागते, कारण माणसं घर बदलतात, फोन बदलतात.

नोंद सापडली की बचाव केंद्रातला माणूस हेलिकॉप्टर उडवण्याची तयारी करता करता पहिला फोन करतो तो तुम्ही दिलेल्या आपत्कालीन नंबरवर. ‘हे खरंच बाहेर गेलेत का? कुठल्या वाटेने? किती जण? कुणाला मधुमेह, दमा?’ म्हणून हा नंबर तुमच्यासोबत ट्रेकला येणाऱ्या नवऱ्याचा किंवा बायकोचा देऊ नये. तोही तुमच्याबरोबर त्याच दरीत रेंजविना पडलेला असेल. सवयीने पुण्यातल्या आईबाबांचा नंबर देणंही फारसं उपयोगाचं नाही. सिडनीत पहाटेचे चार वाजलेले असताना तिकडे झोपेची वेळ झालेली असते आणि तुम्ही कुठली पायवाट धरली हे त्यांना ठाऊक नसतं. त्याच शहरातला एखादा मित्र, ज्याला निघताना ‘अमुक वाट, अमुक दिवशी परत’ एवढं लिहून पाठवलंय, तो खरा कामाचा. बिननोंदणीच्या बीकनची हाकही ऐकली जातेच. पण फोन लावून पाच मिनिटांत जे कळलं असतं ते मग शोधत बसावं लागतं.

या यंत्रणेमागे एक न सापडलेलं विमान आहे. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकी संसदेचे सदस्य हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांचं छोटं विमान अलास्कात नाहीसं झालं. ३९ दिवस शोध चालला आणि काहीही हाती लागलं नाही. त्यानंतर अमेरिकेत विमानांवर संकट-ट्रान्समीटर सक्तीचे झाले. पण त्यांचा आवाज ऐकायला जवळपास दुसरं विमान असावं लागायचं. हा आवाज उपग्रहावरून ऐकण्यासाठी १९७९ साली अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स एकत्र आले. शीतयुद्ध ऐन भरात असताना या दोन महासत्तांनी हरवलेल्या माणसांसाठी एकच यंत्रणा उभारली, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. कोस्पास-सारसॅट हे तिचं नाव. पहिला सोव्हिएत उपग्रह जून १९८२ मध्ये वर गेला आणि सप्टेंबरमध्येच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या विमानातले तिघे त्याच्यामुळे सापडले.

तेव्हाच्या बीकनमध्ये जीपीएस नव्हतं. मग जागा कशी कळायची? फलाटावर उभं असताना शिट्टी वाजवत येणारी गाडी पुढून निघून गेली की शिट्टीचा सूर एकदम उतरतो. डॉप्लर परिणाम तो हाच. साधारण ८५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. तो बीकनकडे येत असताना ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश त्याला किंचित वरच्या कंप्रतेवर ऐकू येतो, दूर जाताना किंचित खालच्या. हा फरक जास्तीत जास्त नऊ-एक किलोहर्ट्झचा. फरक शून्य झाला तो क्षण म्हणजे उपग्रह बीकनच्या सर्वात जवळ होता तो क्षण. सूर किती झपाट्याने उतरला त्यावरून बीकन उपग्रहाच्या मार्गापासून किती लांब आहे ते काढता येतं. मात्र डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न उरतो. तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडणाऱ्या बारीक फरकावरून किंवा पुढच्या फेरीत सुटतो. या सगळ्यासाठी बीकनचा स्वतःचा सूर ढळता कामा नये. म्हणून हा सूर ठरवणाऱ्या आतल्या स्फटिकाची स्थिरता अब्जात दोन भाग इतकी काटेकोर ठेवलेली असते. एवढं करूनही जागा कळते ती सुमारे पाच किलोमीटरच्या आत. जीपीएस असलेला बीकन तीच जागा शंभर-एक मीटरपर्यंत आणून ठेवतो.

आता ऐकण्याचं बरंचसं काम जीपीएस, गॅलिलिओ आणि ग्लोनास या दिशादर्शक उपग्रहांवर बसवलेली उपकरणं करतात. हे उपग्रह १९ ते २४ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने एका वेळी पृथ्वीचा मोठा भाग त्यांच्या नजरेत असतो. तीन-चार उपग्रहांपर्यंत एकच संदेश वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, आणि त्या फरकांवरून काही मिनिटांत जागा निघते. पूर्वी उपग्रह डोक्यावर येईपर्यंत तासभरही थांबावं लागायचं. जानेवारी २०२० पासून गॅलिलिओ उपग्रह उलट उत्तरही देतात. ती सोय असलेल्या बीकनवर एक दिवा लागतो आणि पडलेल्या माणसाला कळतं की आपली हाक पोहोचली. जखमी माणसाला त्या दिव्याने केवढा धीर येत असेल! नवा बीकन घेणार असाल तर ही सोय असलेलाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

जुने बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता सूर काढायचे. त्यात ओळखक्रमांक नव्हता. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिस गावी एका विद्यार्थ्याचा बिघडलेला टीव्ही नेमक्या त्याच कंप्रतेवर लहरी सोडू लागला. उपग्रहाने त्या पकडल्या आणि शोधपथक त्याच्या दारात हजर झालं. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. जुन्या सामानात त्या काळचा बीकन सापडला तर तो वर कुणीही ऐकणार नाही, हे लक्षात ठेवा. आजच्या पीएलबीतून १२१.५ चा क्षीण सूर निघतो तो वेगळ्या कामासाठी. जवळ आलेलं हेलिकॉप्टर त्या सुराचा माग काढत शेवटचं अंतर कापतं.

वापरण्याची वेळ आली तर अँटेना पूर्ण उलगडून उभी ठेवा आणि यंत्राला मोकळं आकाश द्या. पाच वॉटची ही लहर खडकातून, ओल्या दाट झाडीतून, माणसाच्या अंगातून नीट जात नाही. कपारीत बसून बीकन मांडीवर ठेवण्यापेक्षा चार पावलं बाहेर, उघड्या खडकावर तो ठेवणं कधीही बरं. जीपीएसची जागा बोटांनी झाकू नका. पाण्यात असाल तर लक्षात असू द्या की बहुतेक पीएलबी तरंगले तरी अँटेना आपणहून उभी राहत नाही. ती हाताने पाण्याबाहेर धरावी लागते. चालू केल्यावर पहिला संदेश साधारण ५० सेकंदांनी जातो. चुकून कळ दाबली गेली तर सावरायला मिळावं म्हणून हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. त्यानंतर मात्र बॅटरी वाचवायची म्हणून बंद-चालू करू नका. बॅटरी कडाक्याच्या थंडीतही किमान २४ तास टिकेल अशीच बनवलेली असते. आणि जागा सोडू नका.

हाक ऐकली गेली म्हणजे मदत पोहोचली असं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी एकटेच दक्षिण हिंदी महासागरात होते. त्यांची नौका ‘तुरिया’ गोव्यातच बांधलेली. २१ तारखेच्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल दूर, उठताही येत नाही अशा अवस्थेत ते पडून होते. नौकेवरचा बीकन वाजला. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हाती घेतली आणि भारतीय नौदलाचं विमान मॉरिशसहून येऊन नौका डोळ्यांनी पाहून गेलं. जागा माहीत होती, जगभर धावपळ चालू होती, तरी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाला त्यांच्यापर्यंत पोहोचायला २४ तारीख उजाडली. समुद्र तेवढा मोठा आहे. डोंगरातही धुकं उतरलं, वारा सुटला की हेलिकॉप्टर खालीच थांबतं आणि पथक पायी निघतं. त्यामुळे बीकन घेतला म्हणून जादा पाणी, गरम कपडे, रेनकोट, हेडटॉर्च यातलं काहीही घरी ठेवायचं नाही. एक रात्र उघड्यावर काढता येईल एवढं सामान पाठीवर असलंच पाहिजे.

चुकून वाजला तर बंद करा आणि ताबडतोब बचाव केंद्राला फोन करा. बीकनचे बहुतांश इशारे असे चुकीचेच असतात, तिथल्या माणसांना त्याची सवय आहे. ऑस्ट्रेलियात प्रामाणिक चुकीला दंडही नाही. लाजेने गप्प बसलात तर मात्र कुणीतरी अंधारात तुमच्यासाठी डोंगर चढत असेल.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरीवरची तारीख. आतली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज होत नाही. मॉडेलप्रमाणे पाच, सात किंवा दहा वर्षांनी ती बदलावी लागते. तारीख उलटलेला बीकन कदाचित चालेलही, पण २४ तास पुरेल याची हमी संपलेली असते. एकदा खरोखर वापरला, मग दहाच मिनिटं का होईना, की बॅटरी नवी घालायची. हे काम घरी स्क्रू काढून करू नये. कवच उघडलं की पाणी अडवणारं रबरी कडं बदलून दाबाची चाचणी घ्यावी लागते, ते अधिकृत सर्व्हिस केंद्रालाच जमतं. ‘टेस्ट’ची कळ महिन्यातून एकदा पुरे, कारण प्रत्येक चाचणी थोडी बॅटरी खाते. जीपीएसची चाचणी तर मोजक्याच वेळा करता येते. चाचणीचा संदेश वेगळी खूण घेऊन जातो आणि यंत्रणा तो संकट म्हणून धरत नाही. पण खरी कळ दाबून ‘चालतो का बघू’ हे कधीच करायचं नाही. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि कळीवरचं सील तुटलंय का ते प्रत्येक वेळी निघण्याआधी बघा.

आपल्या किनाऱ्यावर हीच हाक वेगळ्या यंत्रातून जाते. इस्रोने मच्छीमारांसाठी डॅट नावाचा संकट-ट्रान्समीटर केला, तो २०१० पासून वापरात आहे. होडीला आग, बुडणं, आजारपण अशा कारणांसाठी त्यावर वेगवेगळ्या कळा असतात. संदेश भारतीय उपग्रहावरून बंगळुरूला आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटवर तांडेलला ‘संदेश मिळाला’ असं उत्तर परत मिळतं आणि वादळाची सूचनाही पाठवता येते. प्रत्येक होडीवर तो असावा, आणि चालू अवस्थेत असावा, असं मला मनापासून वाटतं.

परदेशातून भारतात ट्रेकला येताना मात्र सावध राहा. २६/११ च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, तेव्हापासून अशा यंत्रांबाबत आपली यंत्रणा कडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात विमानतळावर सॅटेलाइट मेसेंजर जवळ सापडल्यामुळे परदेशी पाहुण्यांना ताब्यात घेतलं गेलं. पीएलबीवर गप्पा मारता येत नसल्या तरी तोही रेडिओ ट्रान्समीटरच आहे आणि आपला कायदा ट्रान्समीटरला परवाना मागतो. दूरसंचार विभागाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय तो बॅगेत टाकू नका. सह्याद्रीत तर बहुतेक वेळा आधी पोहोचतात ते पायथ्याच्या गावचे लोक आणि गिर्यारोहकांची बचाव पथकं. गड चढण्यापूर्वी खालच्या वाडीत कुणाला तरी सांगून जाणं हीच तिथली नोंदणी.

बीकन कुणाला विकलात किंवा दिलात तर नोंद त्याच्या नावावर करा. देश बदलत असाल तर नव्या देशाचा सांकेतिक अंक बीकनमध्ये घालून घ्यावा लागेल का, ते विक्रेत्याला विचारा. आणि कायमचा टाकायचा असेल तर आधी नोंद रद्द करा, मग बॅटरी काढून देणाऱ्या केंद्रात सोपवा. कचऱ्यात फेकलेला बीकन दाबला जाऊन वाजू लागतो, आणि बचाव पथकाला तो कचरा डेपो उपसून शोधावा लागतो.