दाणे एकजीव झाले, की नुसते शेजारी बसले?

प्लास्टिक मोल्डिंगच्या गेटजवळ, म्हणजे साच्यात माल शिरतो तिथे, नख घातलं की पापुद्रा सुटतो. खापर मशीनवर फुटतं, नाहीतर ऑपरेटरवर. आमच्या लॅबमध्ये तपासायला आलेल्या अशा तुकड्यांत दोष पुष्कळदा दाण्यातच निघतो: पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन) रीप्रोसेस मालात, म्हणजे पुन्हा वितळवून केलेल्या दाण्यात, एचडी (हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन) आलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखी, पण एकमेकांत विरघळत नाहीत.

याचं मूळ प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांच्या लांबीत आहे. लहान रेणू सहज मिसळतात. हजारो दुव्यांच्या साखळीला मिसळून फारसं काही मिळत नाही, म्हणून जरा न पटलं की ती आपल्याच जातीकडे राहते. मशीनचा स्क्रू घोटून बारीक थेंब करतो खरा, पण माल वितळलेला असेपर्यंत ते पुन्हा जुळत राहतात. ताक घुसळून ठेवलं तरी निवळ वर येतेच. नायलॉन-पीपीत मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पीपी घालतात ते हे थेंब धरून ठेवायला.

आम्ही डीएससीवर, म्हणजे तापवताना माल किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, 5 ते 10 मिलिग्रॅम तुकडा मिनिटाला 10 अंशांनी तापवतो. एचडी 130 अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, पीपी 160 ते 165 ला; आलेखावर दोन शिखरं आली की भेसळ पकडली. पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि एबीएस या प्लास्टिकांच्या मिश्रणासारख्या मालात मात्र काच-संक्रमण तापमान पाहावं लागतं, म्हणजे साखळ्यांचे तुकडे हलायला लागतात ते तापमान. तिथे दोन पायऱ्या दिसतात, एबीएसची 105 च्या पुढे आणि पीसीची 150 च्या अलीकडे. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ (पॉलिफिनिलीन ऑक्साइड) ही प्लास्टिकं खरोखर मिसळतात, म्हणून त्यांची एकच पायरी येते, 100 आणि 210 च्या मधे, प्रमाणानुसार सरकणारी.

एकच पायरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका. दहाएक नॅनोमीटरपेक्षा लहान कप्पे डीएससीला दिसत नाहीत. त्यासाठी एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासणारं यंत्र) लागतो, तो आमच्याकडे नाही, बाहेरून करून देतो. तुकडा पारदर्शक आहे हाही पुरावा नव्हे: दोन्ही प्लास्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) जुळला तर वेगळे कप्पे असूनही आरपार दिसतं.

स्वस्त दाणा घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. बादलीला चालेल, गाडीच्या क्लिपला नाही.

नमुना पाठवताना तुटलेला जॉब (साच्यातून निघालेला भाग), चांगला जॉब आणि त्याच लॉटचा मूठभर दाणा, तिन्ही द्या. जॉब धुऊ नका, गरम करू नका. डीएससीवर आम्ही तुकडा दोनदा तापवतो: पहिल्या तापवण्यात तुमच्या साच्याचा इतिहास दिसतो, दुसऱ्यात नुसता माल; आधीच गरम केलात तर तो इतिहास पुसला जातो.