कुठल्या मुरुडला चाललात?

"मुरुडला चाललोय, किनाऱ्याने चालत किल्ले बघणार" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं मुरुड? रायगडातलं की दापोलीजवळचं? दोन्हीकडे नारळी-पोफळी, दोन्हीकडे जवळ जलदुर्ग. (लातूर जिल्ह्यातही एक मुरुड आहे, पण समुद्र नसल्यामुळे तिथे कुणी चुकून जात नाही.) चुकलात तर किनाऱ्याकिनाऱ्याने दुसरीकडे पोचायला आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी या दोन फेरीबोटी गाठाव्या लागतात. दिवस गेलाच म्हणायचा.

रायगडातलं मुरुड सिद्दीचं. जंजिरा मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी समुद्रातच पद्मदुर्ग उभारला. मुरुडहून राजपुरीपर्यंतची चाल मात्र डांबरी रस्त्याची. वळणावरून खाली जंजिरा दिसतो तेवढा क्षण वसूल. राजपुरीहून होडीने किल्ला बघा, खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी, बघा.

दापोलीचं मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. दिवसभर चालायचं असेल तर हेच, असं माझं स्पष्ट मत. मुरुडहून उत्तरेला निघालं की सालदुरे, पाळंदे आणि मग हर्णै. हर्णैच्या काठावर गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरं. सुवर्णदुर्ग १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, जंजिरा नाही. सुवर्णदुर्गावर होडीने गेलात तर दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती चुकवू नका. पुढे पाजपंढरी, आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल आणि वर कड्यावरचा गणपती.

पण वाळूतून आणि कातळावरून चालायचं तर ओहोटी हवी. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट ही भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. भांगामुळे (अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती-ओहोटी) पाणी फार मागे हटत नाही, तरी सकाळी नऊला निघालेल्याला वाट मिळते. पौर्णिमा-अमावास्येला नेमकी दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या दिवशी कातळाच्या वाटेला जाऊ नका, रस्ता धरा. संध्याकाळी हर्णै बंदरावर परतलात तर मासळीचा लिलाव सापडतो. सुरमईचा भाव ऐकून घ्या, पण बोली लावायची हौस आवरा.