जीवाणूंची पंगत

२०१६ साली जपानी संशोधकांनी एका नव्या जीवाणूची ओळख करून दिली आणि ‘प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडला’ असे मथळे जगभर झळकले. मथळा खोटा नव्हता. कोणतं प्लास्टिक, कशा अवस्थेतलं आणि किती दिवसांत, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

पेट (PET) म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. जपानमधल्या साकाई शहरात अशा बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या आवारातून माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले गेले. त्यांच्यात पेटची पातळ फिल्म ठेवून संशोधकांनी वाट पाहिली. एका नमुन्यातल्या फिल्मवर सूक्ष्मजीवांचा थर चढला आणि ती झिजू लागली. त्या थरातून वेगळ्या केलेल्या जीवाणूला शहराचंच नाव मिळालं, इडिओनेला साकाएन्सिस. हा गडी दोन एन्झाइम, म्हणजे रासायनिक जोड तोडणारी प्रथिनं, वापरतो. पहिलं तो बाहेर सोडतो आणि ते फिल्मचे तुकडे पाडतं. दुसरं त्या तुकड्यांचे मूळ घटक सुटे करतं आणि मग ते त्याच्या पोटात जातात. ३० अंश सेल्सिअसला फिल्म जवळजवळ संपायला सहा आठवडे लागले. तीही विस्कळीत रेणूंची फिल्म, म्हणजे मऊ घास. बाटलीत हेच रेणू बरेचसे शिस्तीत, घट्ट रचलेले असतात. तिथे एन्झाइमला दात रोवायला जागाच सापडत नाही.

पेट सैल करायचं तर तापवायला हवं. साधारण ७० अंशांच्या आसपास त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हलू लागतात, पण त्या उष्णतेत इडिओनेलाचं एन्झाइम टिकत नाही. इथे कामी आलं भलतंच एन्झाइम. तेही जपानमध्येच, २०१२ साली, पालापाचोळ्याच्या कंपोस्टमध्ये मिळालेलं. पानांवर क्यूटिनचं मेणचट आवरण असतं आणि ते तोडणं हे त्याचं मूळ काम. क्यूटिनमधले आणि पेटमधले जोड एकाच जातीचे, एस्टरचे. फ्रेंच संशोधकांनी या एन्झाइमच्या रचनेत नेमके बदल केले आणि २०२० साली ७२ अंशांना १० तासांत ९० टक्के पेटचे मूळ घटक सुटे करून दाखवले. पेटची घट्ट रचना आधी मोडून त्याची पूड मात्र करून द्यावी लागली.

मला यातली ही पूड महत्त्वाची वाटते. सूक्ष्मजीव आपल्यासाठी कामं करत नाहीत. ते जेवतात. संशोधकांचं निम्मं कसब पान वाढण्यात असतं.

तेलगळतीचंच बघा. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलातले अनेक घटक पचवणारा स्यूडोमोनास जीवाणू घडवला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यावर पेटंट घेता येईल असा निकाल दिला. ऐतिहासिक निकाल, पण तो जीवाणू तेलगळती निस्तरायला समुद्रात कधी सोडला गेला नाही. मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर काय टाकलं? खत. तेल खाणारे जीवाणू तिथे आधीपासून होतेच. तेलामुळे कार्बनची रेलचेल झाली होती, पण वाढीला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस तोकडे पडत होते. खत मिळताच तेल फस्त व्हायचा वेग वाढला. जे तेल गोट्यांखाली मुरलं, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, ते मात्र काही ठिकाणी कित्येक वर्षं तसंच राहिलं.

प्राणवायूशिवाय जेवणारेही आहेत म्हणा. सांडपाण्यातला अमोनिया घालवायला नेहमीच्या पद्धतीत टाकीत सतत हवा फुंकावी लागते आणि विजेचं बिल तिथेच फुगतं. हवेशिवायही अमोनिया वापरणारे जीवाणू असायला हवेत, असं ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ सालीच रासायनिक ऊर्जेचा हिशेब मांडून म्हटलं होतं. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये सांडपाण्याच्या एका प्रायोगिक टाकीतून अमोनिया चक्क गायब होऊ लागला, तेव्हा ते जीवाणू हाती लागले. ते अमोनिया आणि नायट्राइट जोडून थेट नायट्रोजन वायू बनवतात. म्हणजे हवा निम्म्याच अमोनियाला पुरवायची, तीही नायट्राइट होईपर्यंतच. वाटेत त्यांच्या पेशीत हायड्रॅझिन तयार होतं, जे अग्निबाणात इंधन म्हणून वापरतात!

खोट एकच, त्यांचा संथपणा. आतड्यातल्या ई. कोलायला दुप्पट व्हायला अनुकूल स्थितीत २० मिनिटं पुरतात, यांना दिवसच्या दिवस लागतात. रॉटरडॅमला २००२ साली यांच्यासाठी पहिली मोठी टाकी उभी राहिली, पण ती पूर्ण क्षमतेने चालायला साडेतीन वर्षं गेली. पुढच्या टाक्यांना इतकं थांबावं लागलं नाही. चालत्या टाकीतला लालसर, दाणेदार गाळ आणून त्यांना विरजण लावता येऊ लागलं.