गुरुवारी लाइट गेली आणि बॅन बसला: स्टाफ विरुद्ध प्लेअर, जुनं भांडण

परवा गुरुवारी आमच्या रोलप्ले सर्व्हरवर (ऑनलाइन गेम, जिथे प्रत्येक जण चोर, पोलीस असं एखादं पात्र होऊन वागतो) एका पोराला बॅन बसला. पाठलाग चालू होता, हा पुढे गाडी घेऊन सुसाट, मागे तीन पोलीस, आणि ऐन वळणावर हा गायब. याला कॉम्बॅट लॉगिंग म्हणतात, पकडले जाणार असं दिसलं की गेमच बंद करून सटकायचं, आणि आमच्याकडे त्याला तीन दिवसांचा बॅन आहे. ड्युटीवरच्या ॲडमिनने लगेच ठोकला. पोरगा राहतो सिंहगड रोडला, आणि पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहितीये, पण ॲडमिन बसलाय नागपूरला, त्याला काय पत्ता. मग सपोर्टच्या व्हॉइस चॅनलवर रात्री साडेबारापर्यंत तेच, "क्लिप आहे का, रेकॉर्डिंगची?" "अरे लाइटच गेली तर क्लिप कुठून आणू?"

त्या भांडणात पोराने एक प्रश्न विचारला, की तुम्हाला हे अधिकार दिले कोणी. मी दोन वर्षं स्टाफमध्ये, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये, आहे आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे थोडं मागे जाऊन लिहितोय.

गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याचा नियम असतो ना, ऑनलाइन रोलप्लेचा सगळा इतिहास साधारण तसाच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, कागद, फासे आणि एक डंजन मास्टर. गोष्ट सांगणारा तोच, पंचही तोच. पण तो टेबलावर समोर बसलेला मित्र असायचा, अति केलं की पुढच्या वेळी कोणी त्याच्याकडे खेळायला जाणार नाही, विषय संपला. त्यामुळे जबाबदारी वगैरे वेगळं लिहून ठेवायची गरजच नव्हती.

गडबड सुरू झाली कॉम्प्युटर आल्यावर. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने मड नावाचा गेम लिहायला घेतला, नुसत्या मजकुराचा, चित्रबित्र काही नाही, आणि पुढे १९८० पासून तो रिचर्ड बार्टलने सांभाळला. मशीन युनिव्हर्सिटीचं, दिवसा तिथली कामं, त्यामुळे बाहेरच्यांना खेळायला मिळायचं ते रात्री उशिरा (आपल्याकडे बीएसएनएलचं नाइट अनलिमिटेड होतं तेव्हा रात्री दोनचा गजर लावून उठणाऱ्यांना हे बरोबर कळेल). तर या मडमध्ये पुरेसे पॉइंट केले की प्लेअर विझर्ड व्हायचा, आणि विझर्डला बाकीच्यांपेक्षा जबरदस्त ताकद मिळायची, एखाद्याला एका कमांडमध्ये कायमचं मारून टाकण्याइतकी. म्हणजे बघा, राक्षस मारण्यात हुशार असलेल्या माणसाला माणसं सांभाळायचं काम मिळालं. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही. पण ही पद्धत आजपर्यंत चालू आहे, सर्व्हरवर जास्त तास घातलेल्या, सगळ्यांशी ओळख असलेल्या पोराला आपण मॉडरेटर, म्हणजे नियम पाळायला लावणारा, करतो. गणपतीत छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला आणि तोंडात शिट्टी आली की लक्ष्मी रोडवर काही जणांची चालच बदलते, तसं होतं मग.

माझा आवडता किस्सा हॅबिटॅटचा आहे. लुकासफिल्म गेम्सने १९८६ च्या सुमाराला कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरसाठी काढलेलं हे ऑनलाइन जग, बनवणारे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर. त्यात लोक एकमेकांना मारायला, लुटायला लागले. मग वाद, की गेममधला खून हा गुन्हा की खेळाचा भाग? लोकांची मतं दुभंगली. खऱ्या आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री असलेल्या एका प्लेअरने तिथे चक्क एक चर्च काढलं, पवित्र अक्रोडाच्या नावाने, आणि शपथ अशी की हत्यार धरणार नाही, चोरी करणार नाही. लोकांनी मतदान करून शेरीफही निवडला. शेवटी बनवणाऱ्यांनी मधला मार्ग काढला, गावात हाणामारी बंद, गावाबाहेर चालेल. आज जवळपास प्रत्येक सर्व्हरवर सेफ झोन असतो, त्याचं हे पणजोबा.

पण खरी मजा पुढे आहे. स्टाफकडे मृत्यू नावाचं एक पात्र होतं आणि त्याच्या हातात एका गोळीत मारणारी बंदूक, जी प्लेअरला मिळणं अपेक्षितच नव्हतं. एकदा ते पात्र चालवणारी ऑपरेटर बेसावध राहिली, प्लेअरनी मृत्यूलाच मारलं आणि बंदूक घेऊन गेले. तिची पहिली प्रतिक्रिया काय, तर बंदूक परत द्या नाहीतर सिस्टिममधून काढून टाकीन. प्लेअर खवळले, आम्ही खेळात राहून जिंकलंय, तुम्ही खेळाबाहेरून धमकी कशी देता? आणि स्टाफने ते मान्य केलं. मग गेममधली १०,००० टोकन खंडणी देऊन, भर चौकात, मृत्यूच्याच वेषात येऊन बंदूक सोडवून नेली. मला विचाराल तर स्टाफची जबाबदारी या एका प्रसंगात जेवढी कळते तेवढी आमच्या अठरा पानी रूलबुकात कळत नाही. चूक स्टाफची होती आणि तिची किंमत स्टाफने मोजली, तीही खेळाच्या आत राहून.

त्यानंतर १९८९ मध्ये कार्नेगी मेलनच्या जेम्स ॲस्पनेसने टायनीमड काढला, त्यात राक्षस आणि पॉइंट बाजूला पडले, गप्पा आणि जागा बांधणं पुढे आलं. अशा मजकुराच्या जगांतून नुसत्या रोलप्लेचे गेम फुटले आणि तिथे प्लेअरच्या जबाबदारीची भाषा घडत गेली. पात्राला माहिती असलेलं वेगळं आणि खेळणाऱ्याला माहिती असलेलं वेगळं, दुसऱ्याच्या स्ट्रीमवर बघून तो कुठे लपलाय हे आपल्या पात्राला कळवायचं नाही, आज याला मेटागेमिंग म्हणतात. पॉवरगेमिंग म्हणजे समोरच्याचं काय झालं हेही आपणच ठरवून टाकायचं, नाटकात दुसऱ्याचे संवाद आपणच म्हटल्यासारखं. यातलं बरंचसं कोड पकडू शकत नाही हो, माणसाने स्वतःहून पाळावं लागतं, आणि म्हणूनच स्टाफ लागतो.

मग लँब्डामू, असंच एक मजकुराचं जग. झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने १९९० मध्ये सुरू केलेलं. तिथल्या विझर्डांनी, म्हणजे तिथल्या ॲडमिननी, १९९२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की आम्ही आता फक्त मशीन सांभाळणार, तुमच्या आपापसातल्या भांडणांत पडणार नाही. (सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो ना, पाण्याच्या टाकीचं सांगा, शेजाऱ्याचं सांगू नका, तसं.) तीन-चार महिने गेले असतील, १९९३ मध्ये मिस्टर बंगल नावाच्या एका पात्राने एक ट्रिक वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावाने भर दिवाणखान्यात लैंगिक अत्याचाराचं घाणेरडं वर्णन टाकायला सुरुवात केली. पडद्यावर नुसती अक्षरं होती, पण ज्यांच्या पात्रांवर हे झालं त्यांना खरोखर त्रास झाला. सभा भरली, तासन्‌तास चर्चा, एकमत काही नाही. शेवटी एका विझर्डने एकट्यानेच ठरवून बंगलचं खातं उडवलं. लोकांना आनंदही झाला आणि धास्तीही वाटली, कारण आज बरोबर माणसाला उडवलं, उद्या? मग कर्टिसने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. आणि १९९६ मध्ये विझर्डांनी कबूल केलं की मशीन सांभाळणारा माणूस लोकांच्या भांडणापासून लांब राहूच शकत नाही. ज्युलियन डिबेलने १९९३ मध्येच या प्रकरणावर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकात लेख लिहिला, त्यामुळे हे सगळीकडे पोचलं.

पुढचं जरा भराभर सांगतो. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, हजारो लोक एका जगात, आणि पगारी स्टाफ पुरेना म्हणून फुकट काम करणारे व्हॉलंटिअर घेतले. काही वर्षांत त्यांच्यातलेच काही कोर्टात गेले, की तास बांधून काम करून घेता तर पगार द्या. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या व्हॉलंटिअरनी १९९९ मध्ये असाच दावा लावला होता, तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलर देऊन मिटला. आम्ही रात्री दोन दोन वाजेपर्यंत टिकिटं, म्हणजे प्लेअरच्या तक्रारी, सोडवतो तेव्हा आम्हाला काय मिळतं, तर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर नावाला जांभळा रंग.

आमच्या पिढीने हे पहिल्यांदा पाहिलं रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये. कर्वेनगरच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळायचो, ब्राउजरमध्ये चालायचा म्हणून कॅफेवाल्याला इन्स्टॉल कर म्हणून विनवायला लागायचं नाही. तिथे चांदीचा मुकुट म्हणजे प्लेअर मॉडरेटर, सोन्याचा म्हणजे जॅगेक्स कंपनीचा माणूस, आणि चांदीचा मुकुट जरी चॅटमध्ये दिसला तरी सगळे एकदम सभ्य. पण मुकुट घातला म्हणून माणूस सरळ असतोच असं नाही, २०१८ मध्ये जॅगेक्सने आपल्याच एका मॉडरेटरला प्लेअरची खाती लुटल्यावरून काढलं. त्याआधी २००७ मध्ये ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमच्या एका डेव्हलपरने स्वतः खेळत असलेल्या गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट पुरवल्याचं बाहेर आलं. सीसीपी या आइसलँडच्या कंपनीने मग आपल्याच लोकांवर लक्ष ठेवणारा विभाग केला आणि २००८ पासून प्लेअरनी निवडून दिलेली परिषदही सुरू झाली.

ईव्हचा प्रकार मी स्वतः छोट्या प्रमाणात अनुभवलाय. आधीच्या एका सर्व्हरवर ॲडमिन स्वतः एका गँगमध्ये खेळायचा, आणि त्यांची जप्त झालेली गाडी दुसऱ्या दिवशी आपोआप गॅरेजमध्ये. तक्रार केली तर टिकिट उघडणार कोण? तोच.

हे छोटे सर्व्हर कुठून आले तर २००६ च्या सॅन अँड्रियास मल्टिप्लेअरपासून (जीटीए हा गेम अनेकांनी मिळून खेळायचं बाहेरच्यांनी केलेलं सॉफ्टवेअर), मग तसंच फाइव्हएम, ज्याची टीम २०२३ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने आपल्याकडे घेतली. म्हणजे गेम एकाचा, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, गप्पा डिस्कॉर्डवर, भाड्याचं मशीन कुठल्या तरी पोराच्या नावावर, आणि बॅट नक्की कोणाची तेच कळेनासं झालं. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी नेमा, २४ तासांत पोच द्या, ठरलेल्या मुदतीत निकाल लावा असं आहे, पण ती भाषा मध्यस्थ कंपनीची, म्हणजे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मची, आहे, एकोणीस वर्षांच्या फुकट मॉडरेटरची नाही. आणि तोच मॉडरेटर व्हाइटलिस्टसाठी (सर्व्हरवर प्रवेश मिळालेल्यांची यादी) वय तपासायला आधारकार्डाचा फोटो मागतो, जो त्याच्या फोनमध्ये पडून राहतो! मी आमच्याकडे हे बंद करायला लावलं, त्यावरूनही दोन दिवस भांडण झालंच.

तर त्या सिंहगड रोडवाल्या पोराचं. त्याने लाइट जाणार असल्याचा सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला, वेळ जुळली, बॅन काढला. नागपूरच्या ॲडमिनने सॉरी म्हटलं, पण डीएममध्ये, सगळ्यांसमोर नाही. मी त्याला मृत्यूच्या बंदुकीचा किस्सा पाठवला. त्याने अजून सीन केलेला नाही. आणि गायब झाला तेव्हा गाडी वळणावर बेवारस राहिली होती, ती पोलिसांनी जप्त केली, ती परत द्यायची की नाही यावर टिकिट अजून उघडंच आहे.