‘आपल्या पोरांत राहू नकोस’ हा सल्ला अर्धाच खरा

सांगलीत कुणाचं पोरगं जर्मनीला शिकायला निघालं की चहाबरोबर एक सल्ला हमखास मिळतो: “तिकडं आपल्या पोरांत राहू नकोस, नाहीतर तिथल्या लोकांत कधी मिसळणारच नाहीस.” विश्रामबागेत ऐका नाहीतर मिरजेत, शब्द तेच.

यात गृहीत असं, की मैत्रीला जागा एकच असते आणि ती आपल्यांनी अडवली की संपलं. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉखनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्र्यांवर लिहिलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं. आपल्या देशाच्या मित्रांत भाषा, सवयी टिकतात. स्थानिक मित्र अभ्यासाला, कामाला उपयोगी पडतात. इतर देशांच्या मुलांबरोबर मौजमजा होते. एकाचं काम दुसरा करत नाही.

जर्मनीत भाड्याच्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तीही घरमालकाचा दाखला जोडून. हे नवख्याला सांगतं कोण? बहुधा आधी आलेलं आपलंच पोरगं.

परक्या संस्कृतीत माणसं कशी रुळतात, यावरच्या मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या मांडणीतही आपलं धरून नव्यात वावरणारे सहसा जास्त सुखी दिसतात. स्थानिकांची दारं बंद असतील तर मात्र हे एकट्या पोराच्या हातात राहत नाही. इथले सल्लागार हे सोयीस्कर विसरतात.

फ्लॅटमध्ये सगळेच मराठी, लॅबमध्येही तेच, असं झालं तर जर्मन कच्चं राहतं, हे खरं. त्यावर उपाय मिश्र फ्लॅट. भडंग एकट्यानं खाणं नव्हे.