क्रँकशाफ्टचा पीळ

इंजिनाची थरथर म्हटली की आपण एकच दुखणे समजतो. प्रत्यक्षात ती दोन आहेत, आणि एकावरच्या औषधानेच दुसरे उघडे पडले.

पहिले दुखणे पिस्टनच्या वर-खाली होण्याचे. ओळीतल्या चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या, दुप्पट वेगाने एक हादरा उरतोच. सहा सिलिंडर ओळीने मांडले, तर हे सगळे धक्के आपसांत फिटतात. म्हणून १९०४ च्या सुमारास इंग्लंडात नेपियर कंपनीने सहा सिलिंडरच्या गाड्या विकायला काढल्या. पण ठरावीक वेगाला इंजिनातून खडखडाट येऊ लागला. नेपियरचे विक्रेते एस. एफ. एज यांनी त्याला चक्क ‘पॉवर रॅटल’ म्हणायला सुरुवात केली. दोषालाच गुणाचे नाव!

रोल्स-रॉईसच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडर गाडीत तर क्रँकशाफ्टच तुटू लागले. हेच दुसरे दुखणे, शाफ्टच्या पिळाचे. दोष पोलादाचा नव्हता, लांबीचा होता. शाफ्टचे मागचे टोक फ्लायव्हील नावाच्या जड चाकाने धरून ठेवलेले असते, पुढचे मोकळे असते. प्रत्येक स्फोट शाफ्टला किंचित पिळतो, आणि तो उलट उसळतो. या उसळीची स्वतःची एक लय असते. ती सेकंदाला १५० आवर्तनांची धरली, तर फेऱ्यामागे तीन स्फोट होणारे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर नेमके त्याच लयीत ठोके देते. झोका योग्य क्षणी ढकलत राहावे, तसा पीळ वाढत जातो. झटक्यांत इतरही लयी मिसळलेल्या असल्याने २००० आणि १५०० फेऱ्यांवरही तो डोके वर काढतो.

हेन्री रॉईस यांनी १९०६ च्या ‘सिल्व्हर घोस्ट’मध्ये शाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंगचा आधार दिला. पुढे त्याच्या मोकळ्या टोकाला घर्षणावर घसरणारे छोटे फ्लायव्हीलही बसवले. डेमलरसाठी काम करताना फ्रेडरिक लँचेस्टर यांनीही असाच डॅम्पर, म्हणजे थरथर जिरवणारा भाग, बनवला. मुख्य शाफ्टशी घट्ट न जोडलेले वजन आपल्या गतीने फिरत राहते, शाफ्ट थरथरला की दोघांमध्ये घसर होते आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. आधी कोण, यावर दोघांत वाद झाला. मला त्यात फारसा रस नाही, दुखणे दोघांनी बरोबर ओळखले होते.

लँचेस्टर यांचे दुसरे काम अनेकदा याच्याशी गल्लत करून सांगितले जाते: चार सिलिंडरच्या हादऱ्यावर दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट. ती कल्पना १९७० च्या दशकात मित्सुबिशीने नव्याने वापरली आणि पोर्शने ९४४ साठी परवान्यावर घेतली. पिळावर मात्र त्या शाफ्टांचा काही उपाय चालत नाही.

घर्षणाच्या चकत्यांच्या जागी पुढे रबर आले, काही इंजिनांत घट्ट सिलिकॉन द्रव. आज बहुतेक गाड्यांत हा डॅम्पर पट्ट्याच्या पुलीतच दडलेला असतो: आत हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग), बाहेर जड कडे, मध्ये रबर. रबर सुटले की कडे हबवर सरकते, आणि टायमिंगची (ठिणगी कधी पडावी याची) खूण कड्यावर असेल तर मेकॅनिक चुकीच्या खुणेवर टायमिंग लावत बसतो.